अमेरिकी विद्यापीठांचं फुटबॉल आणि त्यांची शैक्षणिक पत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत एमएस करायचं ठरलं की घरात विद्यापीठांच्या याद्या फिरू लागतात. मग कुणीतरी वेबसाइट उघडतं आणि प्रयोगशाळेच्या आधी हेल्मेट घातलेले धिप्पाड गडी दिसतात. आईबाबांच्या पोटात गोळा येतो तो इथेच. त्यातून जे प्रश्न दरवर्षी येतात ते इथे एका जागी घेतले आहेत. खेळाचे नियम इथे सापडणार नाहीत. टीम आणि विद्यापीठाची पत यांचा एकमेकांशी काय संबंध, एवढंच बघायचं आहे.

हे फुटबॉल म्हणजे आपलं फुटबॉल का?

नाही. आपल्या फुटबॉलला तिकडे सॉकर म्हणतात. हे लांबट चेंडूचं, खांद्यांना गाद्या बांधून खेळायचं, रग्बीच्या कुळातलं. गंमत अशी की ६ नोव्हेंबर १८६९ ला रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झालेला जो सामना पहिला मानतात (रटगर्स ६-४ ने जिंकलं), तो आजच्या खेळापेक्षा सॉकरलाच जवळचा होता.

ही तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. व्यावसायिक लीग सुरू झाली १९२० मध्ये, म्हणजे पन्नास वर्षांनी. हा खेळ विद्यापीठांनी बाहेरून आणलेला नाही, तो त्यांच्याच अंगणात वाढला. म्हणून "अभ्यास सोडून हे काय?" असा प्रश्न तिकडच्या माणसाला सहसा पडतही नाही.

ज्याची टीम चांगली, ते विद्यापीठ चांगलं, असं काही आहे का?

नाही. उलटंही नाही. एमआयटीची टीम आहे, पण ती तिसऱ्या श्रेणीत (पहिली सगळ्यांत मोठी), खेळासाठी एक डॉलरही स्कॉलरशिप न देता खेळते. कॅलटेकने १९९३ मध्ये टीमच बंद केली. दुसरीकडे मिशिगनचं स्टेडियम एक लाख सात हजारांचं आणि संशोधनही पहिल्या दर्जाचं. टेक्सास, जॉर्जिया टेक, पर्ड्यू, इलिनॉय ही आपल्या इंजिनियरांच्या तोंडातली नावं, आणि या सगळ्यांकडे मोठ्या श्रेणीतली टीम आहे. इलिनॉयचंच बघा. १९२४ मध्ये रेड ग्रेंजने मिशिगनविरुद्ध पहिल्या बारा मिनिटांत चार टचडाउन केले (म्हणजे चेंडू चार वेळा गोलरेषेपार नेला), तेही याच विद्यापीठात. आणि भौतिकशास्त्राची दोन नोबेलं घेणारे जॉन बार्डीन शिकवत होते, तेही इथेच. दोघांमुळे एकमेकांचं काही बिघडलं नाही.

आपल्या मुलांनी गजबजलेल्या यूटी डॅलसकडे तर फुटबॉल टीमच नाही. तिथे बुद्धिबळासाठी स्कॉलरशिप मिळते. हे सांगितलं की आजोबांच्या चेहऱ्यावर समाधान दिसतं.

रँकिंगमध्ये फुटबॉलचे मार्क धरतात का?

थेट नाही. 'यूएस न्यूज'ची यादी १९८३ पासून निघते. तिच्यात पदवी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण, प्राध्यापकांचे पगार, दर विद्यार्थ्यामागचा खर्च असलं काही असतं. टीम कितवी आली हा रकाना नाही.

पण मागचं दार उघडं आहे. यादीतले २० टक्के गुण इतर विद्यापीठांचे अध्यक्ष, प्रोव्होस्ट (शैक्षणिक कारभाराचे प्रमुख) आणि प्रवेशप्रमुख देतात, आणि तेही 'तुमच्या मते हे विद्यापीठ कसं' एवढ्या प्रश्नावर. शेकडो नावं समोर आली की माणूस आधी ओळखीच्या नावाशी थांबतो, आणि नावाची ओळख करून देण्यात शनिवारी दुपारी टीव्हीवर चालणाऱ्या सामन्याचा हात कोण धरणार? दुसरी वाट अर्जांची. अर्ज वाढले की निवडीला वाव मिळतो आणि आत येणाऱ्या मुलांचे गुण वर जातात. पूर्वी 'किती टक्के अर्ज स्वीकारले' हेही या यादीत मोजत. २०१८ मध्ये ते काढलं, त्यामुळे नुसते ढीगभर अर्ज गोळा करण्याचा थेट फायदा आता उरलेला नाही.

'फ्लूटी इफेक्ट' हा शब्द सारखा येतो. तो काय प्रकार आहे?

२३ नोव्हेंबर १९८४. मायामीचं मैदान, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशीची दुपार, म्हणजे सगळा देश घरात सोफ्यावर. बॉस्टन कॉलेज चार गुणांनी मागे आणि घड्याळात सहा सेकंद. डग फ्लूटी नावाच्या, या खेळाच्या मानाने बुटक्याच असलेल्या क्वार्टरबॅकने (चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूने) चेंडू होता नव्हता तेवढा जोर लावून गोलरेषेकडे भिरकावला आणि जेरार्ड फेलनने तो गर्दीतून झेलला. ४७-४५. त्यानंतरच्या दोन वर्षांत बॉस्टन कॉलेजकडे येणारे अर्ज तीसेक टक्क्यांनी वाढले म्हणतात, आणि तेव्हापासून 'टीम जिंकली की अर्ज वाढतात' या समजुतीला फ्लूटीचं नाव चिकटलं.

आता याची दुसरी बाजू. बॉस्टन कॉलेज १९७० च्या सुमारास पैशाच्या ओढाताणीत होतं. १९७२ मध्ये डोनाल्ड मोनन अध्यक्ष झाले आणि त्यांनी घडी बसवली. मुलींना सर्व शाखांत प्रवेश, नवी वसतिगृहं, बॉस्टनबाहेरच्या मुलांसाठी देशभर प्रचार, हे सगळं फ्लूटीने चेंडू फेकण्याच्या आधीपासून चालू होतं आणि अर्जही आधीपासून वाढत होते. फ्लूटीने वाऱ्याला शीड लावलं, पण होडी आधीच बांधून तयार होती.

संशोधकांनीही हे तपासलं आहे. डेव्हिन आणि जेरेन पोप या भावांच्या २००९ च्या अभ्यासात फुटबॉलमध्ये पहिल्या वीसांत आलेल्या विद्यापीठांचे अर्ज २ ते ८ टक्क्यांनी वाढलेले दिसले. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या डग चुंग यांनी २०१३ मध्ये सुमारे १८ टक्क्यांचा आकडा मांडला, पण तो सामान्य टीम एकदम उत्कृष्ट झाली तर, आणि असं रोज घडत नाही. शिवाय त्यांनाच दिसलं की हे आकर्षण कमी गुणांच्या मुलांना जास्त असतं. हुशार मुलांवर परिणाम होतो, पण कमी. माझ्या मते सगळ्या चर्चेतला हा सर्वांत कामाचा निष्कर्ष आहे आणि सर्वांत कमी सांगितला जातो.

म्हणजे कोच आणून विद्यापीठ वर नेता येतं का?

अलाबामाने तसं करून दाखवलं असं बरेच जण म्हणतात. २००७ मध्ये निक सेबन आले आणि २००९ ते २०२० मध्ये सहा राष्ट्रीय विजेतेपदं देऊन गेले. त्याच काळात विद्यार्थिसंख्या साधारण पंचवीस हजारांवरून दहा वर्षांत अडतीस हजारांच्या घरात गेली. त्यात निम्म्याहून जास्त मुलं राज्याबाहेरची, म्हणजे कितीतरी पट फी भरणारी.

पण नीट बघितलं तर विद्यापीठाने त्याच वेळी देशभर प्रवेश अधिकारी पाठवले आणि परराज्यातल्या हुशार मुलांना भरघोस गुणवत्ता स्कॉलरशिप दिल्या. टीव्हीवर दिसलेलं नाव आणि हातात पडलेलं स्कॉलरशिपचं पत्र, दोन्ही एकत्र लागू पडलं. एवढं होऊनही अलाबामा संशोधनात मिशिगनच्या पंक्तीला जाऊन बसलं नाही. पटावर मुलं वाढवणं आणि प्रयोगशाळा उभ्या करणं यांत बराच फरक आहे, दुसऱ्याला पिढ्या लागतात.

नोत्र दाम हे जास्त चांगलं उदाहरण. फुटबॉलने नाव आधी मिळवून दिलं, घरोघरचे कॅथलिक लोक त्या टीमला आपली मानू लागले. मग १९५२ ते १९८७ अशी पस्तीस वर्षं फादर थिओडोर हेस्बर्ग अध्यक्ष होते. त्यांनी त्या नावावर पैसा उभा केला आणि तो प्राध्यापकांवर आणि संशोधनावर लावला. २०२३ मध्ये ते एएयू या बड्या संशोधन विद्यापीठांच्या संघटनेत आलं. टीम गाजली तेव्हापासून मोजलं तर किती दशकं गेली बघा.

शिकागोने फुटबॉल बंद केलं आणि मग ते मोठं झालं, हे खरं ना?

अर्धं खरं. गोष्ट मात्र सविस्तर सांगण्यासारखी आहे.

शिकागो विद्यापीठ १८९२ मध्ये सुरू झालं तेव्हाच पहिल्या अध्यक्षांनी एमोस अलोन्झो स्टॅग यांना कोच म्हणून नेमलं, तेही प्राध्यापकाचा दर्जा देऊन. १८९६ मध्ये बिग टेन ही लीग निघाली तिच्या संस्थापकांत शिकागो होतं. हाइझमन ट्रॉफी हा या खेळातला सर्वांत मानाचा किताब, आणि १९३५ चा पहिलावहिला किताब शिकागोच्याच जे बरवॅंगरने घेतला.

दरम्यान १९२९ मध्ये रॉबर्ट मेनार्ड हचिन्स अध्यक्ष झाले, वय तीस. त्यांना हा सगळा पसारा शिक्षणाच्या मुळावर आलेला वाटत होता. टीमही ढेपाळत गेली. १९३९ च्या मोसमात मिशिगनने शिकागोला ८५-० असं धुतलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हचिन्स यांनी फुटबॉल गुंडाळलं आणि १९४६ मध्ये विद्यापीठ बिग टेनमधूनही बाहेर पडलं.

मैदान ओस पडलं. त्याच्या पश्चिमेकडच्या गॅलरीखाली एक बंदिस्त कोर्ट होतं. तिथे एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रॅफाइटच्या विटा आणि युरेनियम रचलं, आणि २ डिसेंबर १९४२ ला जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळी अभिक्रिया घडवली. पुढे त्याच मैदानाच्या जागेवर विद्यापीठाचं मुख्य ग्रंथालय उभं राहिलं. इतकी बेतशीर गोष्ट एखाद्या कथेत घातली असती तर संपादकाने परत पाठवली असती.

म्हणूनच लोक फसतात. शिकागो १९३९ च्या आधीच देशातल्या पहिल्या काही विद्यापीठांत होतं. रॉकफेलरचा पैसा आणि पहिल्या अध्यक्षांनी जमवलेले प्राध्यापक हे त्याचं भांडवल. त्याच काळात मिशिगन, विस्कॉन्सिन, बर्कली यांनी फुटबॉल चालू ठेवलं, त्यांचं काही अडलं नाही. शिकागोवरून एवढंच सिद्ध होतं की फुटबॉल नसलं तरी चालतं. नसल्यामुळेच भलं होतं, हे त्यातून निघत नाही. आणि हो, १९६९ मध्ये शिकागोने टीम पुन्हा सुरू केली, छोट्या श्रेणीत. आज ती खेळते आणि बाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं.

आयव्ही लीग ही तर हुशार विद्यापीठांची यादी. तिचा खेळाशी काय संबंध?

सगळा संबंध खेळाशीच. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, कोलंबिया, पेन, ब्राउन, डार्टमथ आणि कॉर्नेल या आठांनी १९४५ मध्ये फुटबॉलपुरता करार केला आणि १९५४ मध्ये तो सर्व खेळांना लागू केला. मुख्य अट अशी की खेळासाठी स्कॉलरशिप द्यायची नाही. एमआयटी आणि स्टॅनफर्ड या लीगमध्ये नाहीत म्हणून ती कमी ठरत नाहीत, हे नातेवाइकांना समजावताना घसा सुकतो.

पण आयव्हीत खेळाला किंमत नाही असं समजू नका. हार्वर्डच्या प्रवेशांवरचा जो खटला २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टात संपला, त्याच्या सुनावणीत बाहेर आलं की कोचने निवडलेल्या खेळाडूंपैकी सुमारे ८६ टक्क्यांना प्रवेश मिळत होता. आधी चाळणी लावूनच ती नावं पुढे जातात हे मान्य, तरी बाकीच्या मुलांसाठी हाच आकडा शंभरात पाच-सहा असा होता.

बिग टेनचं काय? त्या लीगमध्ये असणं म्हणजे अभ्यासाची पावती का?

बऱ्याच अंशी, आणि हीच या विषयातली खरी गाठ आहे. बिग टेनच्या विद्यापीठांनी १९५८ मध्ये अभ्यासासाठी एक वेगळी संस्था काढली. आज तिला बिग टेन अकॅडेमिक अलायन्स म्हणतात. ग्रंथालयांची देवघेव, एकत्र खरेदी, पीएचडीच्या मुलांना सोबतच्या विद्यापीठात एखादं सत्र घालवण्याची सोय, असं बरंच काही तिच्यामुळे होतं. शिकागो बिग टेनमधून बाहेर पडून बारा वर्षं झाली होती, तरी या संस्थेच्या संस्थापकांत ते होतं आणि पुढे कित्येक दशकं राहिलं.

लीगमध्ये नव्याला घेताना एएयूचं सदस्यत्व बघितलं जातं. नेब्रास्काचं दुखणं तिथलंच. ते १९०९ पासून एएयूत होतं आणि २०१० मध्ये बिग टेनने त्याला बोलावलं. पुढच्याच वर्षी, लीगमध्ये पहिला सामना खेळण्याच्या आधी, एएयूच्या सदस्यांनी मतदान करून त्याला बाहेर काढलं. असं मतदानाने निघालेलं ते पहिलंच. ओमाहाचं वैद्यकीय केंद्र हिशेबात धरलं जात नव्हतं आणि शेतीवरच्या संशोधनाचा बराचसा पैसाही मोजत नव्हते. नेब्रास्काच्या प्राध्यापकांना ते किती झोंबलं असेल! टीम मात्र खेळत राहिली.

तरी हल्ली लीग बदलण्यामागे टीव्हीचा पैसाच जास्त बोलतो. २०२४ पासून बिग टेनमध्ये अठरा विद्यापीठं आहेत, आणि पॅसिफिक किनाऱ्यावरची स्टॅनफर्ड आणि बर्कली 'अटलांटिक कोस्ट' नावाच्या लीगमध्ये खेळतात. भूगोलाच्या मास्तरांनी काय करावं?

खेळाडू खरंच शिकतात, की नुसतं नाव नोंदवतात?

नियम आहेत. एनसीएए ही खेळांवर देखरेख करणारी संस्था शाळेतले सोळा मूलभूत विषय आणि किमान गुण मागते. दरवर्षी पदवीचा ठरावीक भाग पूर्ण झाला नाही तर खेळता येत नाही. टीमची मिळून प्रगतीही मोजतात, हजारपैकी ९३० च्या खाली गेली तर शिक्षा. अनेक जण मन लावून शिकतात, इंजिनियरिंग करून बाहेर पडतात.

पण नियम पाळून कसं फसवता येतं हे नॉर्थ कॅरोलिनाच्या चॅपल हिलने दाखवलं, आणि हे ऐऱ्यागैऱ्या विद्यापीठाचं नाही, देशातल्या उत्तम सरकारी विद्यापीठांपैकी एकाचं. आफ्रिकी-अमेरिकी अभ्यास विभागात १९९३ ते २०११ अशी अठरा वर्षं 'कागदी वर्ग' चालले. वर्ग भरायचाच नाही. शेवटी एक निबंध द्यायचा. तो तपासायची विभागातली कार्यालयीन कर्मचारी, प्राध्यापक नव्हे. ती बहुधा सुरुवात आणि शेवट नजरेखालून घाली आणि ए किंवा बी देऊन टाकी. २०१४ मध्ये माजी सरकारी वकील केनेथ वेनस्टीन यांचा अहवाल आला. ३,१०० च्या आसपास विद्यार्थी या वर्गांत बसले (बसले म्हणजे नावापुरते!) आणि वर्गांतल्या नोंदींपैकी जवळजवळ निम्म्या खेळाडूंच्या होत्या. ती बाई निवृत्त झाल्यावर अभ्यास-सल्लागारांनी फुटबॉलच्या कोचमंडळींना एक स्लाइड दाखवली होती. आपण मुलांना ज्या वर्गांत घालत होतो तिथे त्यांना हजर राहावं लागत नसे, टिपणं काढावी लागत नसत, जागंही राहावं लागत नसे, आणि ते वर्ग आता उरले नाहीत, असा तिचा मजकूर. विद्यापीठाच्या कारभारात इतकं सरळ वाक्य क्वचित सापडतं.

२०१७ मध्ये एनसीएएने हात वर केले. हे वर्ग इतर विद्यार्थ्यांनाही खुले होते, तेव्हा खेळाडूंना खास सवलत दिली असं म्हणता येत नाही, असा युक्तिवाद. आणखी एक बोचणारी गोष्ट. विद्यापीठीय खेळ सुधारायला १९८९ मध्ये नाइट कमिशन नेमलं गेलं, त्याचे दोन प्रमुख म्हणजे नोत्र दामचे हेस्बर्ग आणि नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठ व्यवस्थेचे माजी अध्यक्ष विल्यम फ्रायडे. सुधारणेचा आवाज जिथून निघाला, तिथल्याच परिसरात हे चाललं होतं.

चॅपल हिलची पदवी म्हणून कमी झाली का? मान्यता देणाऱ्या संस्थेने वर्षभर ताकीद देऊन ठेवलं. बाकी विभागांवर फरक पडला नाही. तिथली फार्मसी आणि सार्वजनिक आरोग्याची कॉलेजं पूर्वीइतकीच नावाजलेली आहेत.

फुटबॉलच्या कमाईतून लॅब चालतात म्हणे?

जवळजवळ कुठेच नाही. एनसीएएच्याच हिशेबाप्रमाणे २०१९ मध्ये पहिल्या श्रेणीतल्या साडेतीनशेच्या आसपास विद्यापीठांपैकी फक्त २५ चे क्रीडाविभाग स्वतःच्या कमाईत खर्च भागवू शकले. बाकीच्यांना विद्यापीठाचा पैसा किंवा विद्यार्थ्यांकडून घेतलेली क्रीडा फी टेकू देते. जे कमावतात ते तिथेच खर्चतात : कोच, स्टेडियम, इतर खेळ. टेक्सास ए अँड एमने २०२३ मध्ये जिम्बो फिशर या कोचला काढलं तेव्हा त्याच्या उरलेल्या करारापोटी ७ कोटी ६० लाख डॉलरच्या वर देणं लागलं. खेळू नका म्हणून दिलेले पैसे.

जून २०२५ मध्ये कोर्टाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी प्रत्येकी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. तेव्हा लॅबकडे काही वळेल ही आशा आणखी लांबली.

पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला ओक्लाहोमाचे अध्यक्ष जॉर्ज क्रॉस राज्याच्या आमदारांकडे निधी मागायला गेले होते. फुटबॉल टीमला अभिमान वाटेल असं विद्यापीठ मला उभारायचं आहे, असं ते म्हणाले. थट्टेतच, पण आमदारांना बरोबर लागलं असणार.

टीम जिंकत असली की बाकीच्या मुलांच्या अभ्यासाचं काय?

ओरेगन विद्यापीठातल्या तीन अर्थशास्त्रज्ञांनी आपल्याच विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिका तपासल्या. २०१२ मध्ये छापलेला निष्कर्ष असा : टीम जास्त जिंकते त्या सत्रात मुलांचे गुण मुलींच्या तुलनेत घसरतात. मुलं जास्त पितात, कमी वाचतात, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. आश्चर्य वाटलं असेल तर ते फक्त त्या मुलांच्या आयांना नाही.

एखाद्याने आज फुटबॉल बंद करायचं ठरवलं तर?

अलाबामा विद्यापीठाच्या बर्मिंगहॅम शाखेने डिसेंबर २०१४ मध्ये खर्च परवडत नाही म्हणून बंद केलं. गावाने, माजी विद्यार्थ्यांनी, देणगीदारांनी असा कल्ला केला की सहा महिन्यांत निर्णय फिरला आणि २०१७ मध्ये टीम मैदानात परतली. त्या विद्यापीठाची खरी ताकद म्हणजे त्याचं वैद्यकीय संशोधन, आणि टीम नव्हती त्या दोन मोसमांत तिथल्या डॉक्टरांचं काही अडलं नाही. पण माजी विद्यार्थी प्रयोगशाळा बघायला परत येत नाहीत, सामन्याला येतात. अध्यक्षांना हे कळून चुकलं.

आमच्या मुलीला एमएस करायचं आहे. तिला याने काय फरक पडणार?

अभ्यासात काहीच नाही. विभाग बघा, प्राध्यापक काय छापताहेत ते बघा, गेल्या दोन-तीन वर्षांतली मुलं कुठे लागली ते विचारा. फी पत्रकात 'ॲथलेटिक्स' नावाची ओळ आहे का तेही तपासा. काही ठिकाणी ती असते आणि सामने बघा वा न बघा, भरावीच लागते.

राहण्यात मात्र पडेल. मी अशाच एका गावात बरीच वर्षं आहे. घरच्या मैदानावर वर्षाला सहा-सात सामने, बहुतेक शनिवारी. त्या दिवशी पार्किंग बंद, बसचे मार्ग बदललेले, हॉटेलांचे दर तिप्पट. तुम्ही तिला भेटायला जायचं ठरवाल तेव्हा आधी टीमचं वेळापत्रक बघा आणि मग विमानाचं तिकीट काढा. सकाळी आठपासून गाड्यांच्या डिक्क्या उघडून लोक कणसं भाजत बसतात, कुणी ओळख नसताना हातात प्लेट देतो. ग्रंथालय मात्र अशा दिवशी रिकामं असतं आणि खिडकीजवळची टेबलं सहज मिळतात. विद्यार्थ्यांना तिकीट बरंच स्वस्त पडतं, एखादा सामना तिने बघावाच. फक्त जाताना गरम कपडे न्यावेत, नोव्हेंबरात त्या बाकांवर तीन-साडेतीन तास बसायचं असतं.